तीस पाहुणे, एक ओटीजी आणि हॅम-बटाट्याच्या वड्या

घरी तीस माणसं यायची असतील, तर ओव्हनमधला पदार्थ निवडताना चवीआधी ट्रे मोजा. हॅम-बटाट्याचे जे फोटो आपल्याला मोहात पाडतात, ते बहुतेक मफिन ट्रेमधले असतात. एकेका वाटीत किसलेला बटाटा, मध्ये हॅम, वर चीज. दिसायला सुरेखच. पण घरातल्या 30 लिटरच्या ओटीजीत 12 वाट्यांचा एकच ट्रे बसतो. माणशी 3 नग धरले तर 90 नग झाले, म्हणजे 8 घाणे, आणि प्रत्येक घाण्याला 25 मिनिटं. साडेतीन तास तुम्ही ओटीजीसमोर उभे आणि पाहुणे बाहेरच्या खोलीत. वर प्रत्येक वाटीला तेल लावा, प्रत्येक नग सुरीने सोडवा आणि शेवटी ती प्रत्येक वाटी घासा.

म्हणून माझं सरळ मत आहे की गर्दीसाठी वाट्या नकोत, वड्या करा. मिश्रण सपाट ट्रेमध्ये थापायचं, भाजायचं, निवलं की चौकोन पाडायचे. 20 बाय 30 सेंटिमीटरच्या ट्रेमधून साधारण 4 सेंटिमीटरच्या 35 वड्या निघतात. तीन ट्रे केले की शंभराच्या वर वड्या होतात आणि हातात धरून दोन घासांत संपणारा नग तयार होतो. बशी लागत नाही, काटा लागत नाही.

एका ट्रेसाठी 1 किलो बटाटे, 200 ग्रॅम हॅम, 150 ग्रॅम किसलेलं चीज, 3 अंडी, 1 मध्यम कांदा, मूठभर कांद्याची पात, 1 छोटा चमचा मिरपूड, 1 छोटा चमचा तयार मस्टर्ड, 2 टेबलस्पून बारीक रवा आणि 3 टेबलस्पून तेल लागतं. तीस जणांसाठी हे सगळं तिप्पट. हॅम यात बटाट्याच्या पाचव्या हिश्शाएवढंच आहे, आणि ते पुरतं. हॅम म्हणजे मिठात मुरवलेलं, बहुतेक वेळा धुरी दिलेलं मांस. त्याचं काम पोट भरण्याचं नाही, बटाट्याला खारट-धुरकट चव देण्याचं आहे. प्रमाण वाढवलंत तर वडी खारट होते, ओली होते आणि कापताना फुटते.

या पदार्थात बिघडतं ते नेहमी पाण्याने. बटाट्यातलं पाणी, हॅममधलं पाणी, कांद्यातलं पाणी, मोझरेलातलं पाणी. ही चार पाणी आवरली की उरलेलं काम ओटीजी करतो.

आधी बटाटा. डिसेंबर-जानेवारीत बाजारात दोन्ही असतात, शेतातून नुकताच आलेला नवा आणि शीतगृहातून निघालेला जुना. नव्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते. रश्शाला तो उत्तम, पण भाजल्यावर आतून ओलसर राहतो आणि त्याच्या कडा म्हणाव्या तशा खरपूस होत नाहीत. वड्यांना जुना घ्या. जुन्याची एक खोड आहे. 2 ते 4 अंशांच्या थंडीत पडून राहिला की त्यातल्या पिठाची साखर होते, मग तो गोडसर लागतो आणि शिजायच्या आतच लाल होतो. पार्टीच्या आठ-दहा दिवस आधी आणून टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवलात तर हा गोडवा बराच उतरतो. घरच्या फ्रिजमध्ये कच्चा बटाटा ठेवू नये, त्याचंही कारण हेच.

बटाटा पिठूळ आहे की चिकट, हे सालीवरून ओळखणारे भाजीवाले आहेत. आपल्याला ते जमत नसेल तर 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा त्यात सोडा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. बुडणारा जास्त खरपूस भाजला जातो. तरंगणाराही चालतो, पण त्याला ओटीजीत पाचेक मिनिटं जास्त द्या.

बटाटे सालीसकट, अख्खे उकडा. सोलून, फोडी करून उकडलेला बटाटा पाणी पितो. आणि पुरते शिजवू नका. सुरीचं टोक आत जावं, पण अगदी मध्यभागी किंचित अडावं, इतकंच. कुकरमध्ये मध्यम आकाराच्या बटाट्याला एक शिट्टी पुष्कळ झाली. ती झाल्यावर वाफ आपोआप जिरू देऊ नका, सावकाश सोडून द्या, नाहीतर आतल्या आत ते शिजतच राहतात. पावभाजीच्या सवयीने चार शिट्ट्या घेतल्यात तर वड्यांऐवजी पावभाजीच करावी लागेल.

आता या पदार्थातली सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी करताना काहीच करायचं नसतं. उकडलेले बटाटे निवले की सालीसकट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत शिजलेलं पीठ पुन्हा घट्ट बसतं. दुसऱ्या दिवशी सोलून जाड किसणीवर किसलात की लांब, सुटा, कोरडा कीस पडतो. गरम बटाटा किसायला जाल तर किसणीवर लगदा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्न भागात रोश्टी करतात तीही अशाच आदल्या दिवशी उकडलेल्या बटाट्याची. मिक्सर मात्र कटाक्षाने टाळा. मिक्सरच्या पात्याने बटाट्याचं पीठ बाहेर पडतं आणि खळीसारखा चिकट गोळा हाती येतो. त्याला नंतर कुठलंही चीज वाचवू शकत नाही. कच्चा बटाटा किसून करण्याची पद्धतही आहे, पण तो काळा पडतो, धुवावा लागतो, पिळावा लागतो. तीन किलो कीस पिळून बघा, मनगटं बोलतील.

हॅमकडे वळू. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात कॅम्पात, गोव्यात तर कुठेही, कोल्ड स्टोरेजच्या दुकानात हॅम मिळतं. बहुतेक वेळा ते पातळ काप करून पाकिटबंद असतं. दुकानदार मोठ्या तुकड्यातून कापून देणारा असेल तर त्याला सेंटिमीटरभर जाडीचे काप मागा. जाड कापाचे चण्याच्या डाळीपेक्षा जरा मोठे तुकडे करता येतात आणि ते दाताखाली लागतात. पातळ काप चिरले की चिंध्या होतात. पाकीट घेताना मागचा मजकूर वाचा. त्यात मांसाचं प्रमाण किती आणि पाणी कितव्या क्रमांकावर आहे, हे बघितलं की किंमत कमी का आहे ते कळतं. स्वस्त हॅममध्ये मिठाचं पाणी टोचून वजन वाढवलेलं असतं आणि ते पाणी ओटीजीत बाहेर येतं.

म्हणून हॅमचे तुकडे कागदी रुमालावर टिपून घ्या आणि कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. आधी तव्यात पाणी सुटेल, मग ते आटेल, मग तुकड्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागतील आणि वास बदलेल. तिथे थांबा. त्याच तव्यात चमचाभर तेलावर बारीक चिरलेला कांदा गुलाबी करून घ्या, तव्याला चिकटलेलं सगळं तो उचलतो. दोन्ही पूर्ण निवू द्या. हॅम परतलं, भाजलं तरी गुलाबीच राहतं. मुरवताना वापरलेल्या नायट्राइटमुळे तो रंग टिकतो, तेव्हा पाहुण्यांपैकी कोणी “कच्चं राहिलंय का?” असं विचारलं तर निर्धास्त नाही म्हणा. चिकन हॅमही चालतं. त्यात चरबी कमी असते, म्हणून परतताना थोडं तेल सोडा आणि मिश्रणात चमचाभर लोणीही घाला.

चीज दोन प्रकारचं घ्यावं. आतमध्ये आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज किसून, कारण ते तारा काढत नाही पण मऊ वितळतं, तेल सोडत नाही आणि वडी धरून ठेवतं. वरून मूठभर मोझरेला, गोळा झालेलं नको, सुटं किसलेलं. चेडार मिळालं तर दोन्हीऐवजी तेच वापरा, चवीला तेच उजवं.

मिठाचा अंदाज कागदावर येत नाही. हॅम खारट, चीज खारट, पण किलोभर बटाटा अळणी. साधारण अर्धा छोटा चमचा मीठ घाला आणि मिश्रणातला चमचाभर गोळा तव्यावर थापून भाजून खा. अंडं घातलेलं मिश्रण कच्चं चाखण्यापेक्षा हे बरं, आणि थंड मिश्रणापेक्षा गरम घासात मीठ खरं कळतं. मिरपूड, मस्टर्ड आणि पात यांच्यापलीकडे जायचं असेल तर एखादी हिरवी मिरची बारीक चिरून घाला किंवा चिमूटभर जायफळ. आलं-लसूण आणि गरम मसाला यांचा मोह आवरा. धुरी दिलेल्या हॅमसाठी पैसे मोजायचे आणि मग त्याच्यावर गरम मसाल्याचं पांघरूण घालायचं, यात काय हशील?

कीस, हॅम, कांदा, पात, आतलं चीज आणि मसाला हलक्या हाताने, बोटांनी उकलत एकत्र करा. कणीक मळतो तसं दाबू नका. अंडी फेटून शेवटी घाला, ट्रे भरायच्या वेळी.

ट्रेला कागद लावायचा तो बेकिंगचा, सिलिकॉनचा थर असलेला. मिठाईवाल्यांकडचा साधा बटर पेपर 200 अंशांना चिकटतो आणि कडेने करपतो. कागदावर 2 टेबलस्पून तेल पसरा, रवा भुरभुरवा आणि हा रिकामा ट्रे तापलेल्या ओटीजीत 5 मिनिटं ठेवा. मासे तळताना रवा जे करतो तेच इथे तळाला करतो. गरम ट्रेमध्ये मिश्रण पडलं की चर्र आवाज यायला हवा. तो आला तर वडीचा तळ खरपूस होणार. मिश्रण अडीच सेंटिमीटर जाडीचं पसरा, उलथन्याने वरून हलकं दाबा, मोझरेला भुरभुरवा आणि राहिलेल्या तेलाचा हात वरून फिरवा.

ओटीजी 200 अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, 15 मिनिटं आधी तापवलेला. ट्रे मधल्या खणाच्या एक खण खाली. 35 ते 40 मिनिटांत कडा ट्रेपासून सुटतात आणि वर सोनेरी डाग दिसतात. शेवटची 5 मिनिटं फक्त वरची कॉइल ठेवली तर चीजला रंग येतो. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो ठेवून बघितलात तर 200 म्हणून तुमचा ओटीजी 175 देतोय की 220, हे एकदाचं कळेल. पंखा नसलेल्या ओटीजीत एकावर एक दोन ट्रे ठेवू नका. खालच्याचा माथा पांढरा राहतो आणि वरच्याचा तळ. आणखी एक गोष्ट, पार्टीच्या दिवशी हमखास आठवण न राहणारी. 2000 वॉटचा ओटीजी जवळजवळ 9 अँपियर ओढतो. त्याला 16 अँपियरचाच पॉइंट द्या, आणि त्याच बोर्डावर मायक्रोवेव्ह किंवा इलेक्ट्रिक किटली लावू नका.

बाहेर काढल्यावर 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग कागदासकट उचलून पाटावर घ्या आणि पावाच्या करवती सुरीने कापा. साध्या सुरीने दाबलं की वडीची कड चिरडते. प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसा.

तीन ट्रे एकामागून एक भाजायचे म्हणजे दोन-सव्वादोन तास जाणार, हे ध्यानात घेऊन दिवस आखा. शनिवारी संध्याकाळी पार्टी असेल तर गुरुवारी रात्री बटाटे उकडून फ्रिजमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी कीस, हॅम-कांदा परतणं, मिश्रण आणि भाजणं. निवल्यावर लगेच झाकण लावून फ्रिजमध्ये, कापायचं नाही. शनिवारी दुपारी थंडगार लादी कापा. थंडपणी वड्या काटकोनात, धारदार निघतात. पाहुणे आले की त्या वड्या ट्रेवर सुट्या मांडून 200 अंशांवर 10 ते 12 मिनिटं. आता एका वेळी 35 ऐवजी 20-25 च बसतील, पण ते फायद्याचंच आहे, कारण दर पंधरा मिनिटांनी गरम ताट बाहेर जातं. सुट्या मांडल्याने बाजूही भाजल्या जातात, त्यामुळे दुसऱ्यांदा भाजलेली वडी पहिल्या दिवशीच्या वडीपेक्षा सरस लागते. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलीत तर ती रबरासारखी होते, आणि स्टीलच्या हॉटकेसमध्ये भरून ठेवलीत तर स्वतःच्याच वाफेत भिजते. सोसायटीच्या हॉलवर न्यायच्या असतील तर उघड्या ट्रेमध्ये, वर नुसता कागद टाकून न्या.

सोबत सॉस हवा असेल तर घरी चक्का बांधा. वाटीभर चक्क्यात दोन छोटे चमचे मस्टर्ड, थोडा मध, मीठ आणि बारीक चिरलेली पात. केचप मुलांसाठी ठेवाच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या तीस जणांत पोर्क न खाणारे, अंडं न खाणारे आणि काहीच मांसाहार न करणारे असतातच, आणि दोन-चार जण विचारायला संकोचतात. तिसरा ट्रे त्यांच्यासाठी करा. हॅमऐवजी परतलेले मक्याचे दाणे आणि सिमला मिरची घाला. अंड्यांऐवजी 3 टेबलस्पून कॉर्नफ्लोर पाव वाटी दुधात कालवून घाला आणि किंचित जास्त वेळ भाजा. हा ट्रे सगळ्यांत आधी भाजायचा, वेगळ्या सुरीने कापायचा आणि टेबलावरही वेगळ्या टोकाला, वेगळ्या चिमट्यासह ठेवायचा. गरम करतानाही त्याची पाळी पहिली. ताटासमोर “हॅम (पोर्क), अंडं” आणि “शाकाहारी, अंडं नाही” अशा दोन चिठ्ठ्या ठसठशीत अक्षरात ठेवा. ज्याला विचारायचा संकोच वाटतो, त्याला ती चिठ्ठी पुरते. जैन पाहुणे असतील तर बटाटाच चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळंच काही करावं लागेल.

शिजलेलं हॅम, अंडं आणि बटाटा खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच ताट उचलायचं. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यातली पार्टी असेल तर हे अक्षरशः पाळा. थोड्या थोड्या वड्या बाहेर न्या, बाकीच्या फ्रिजमध्ये. गरम करताना मध्यभागी 74 अंश सेल्सिअस आले की झालं. आणि भाजलेला किंवा उकडलेला बटाटा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ओट्यावर विसरू नका. 1994 मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या एल पासो इथे एका रेस्टॉरंटमधल्या बटाट्याच्या डिपमुळे 30 जणांना बोटुलिझम ही विषबाधा झाली होती. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच गुंडाळलेले कित्येक दिवस बाहेर राहिले होते. फॉइलच्या आत हवा लागत नाही आणि बोटुलिझमच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं.

अमेरिकेतल्या वाचकांचं काम निम्मं हलकं आहे. तिथे ख्रिसमस किंवा ईस्टरनंतर घरोघरी अख्ख्या हॅमचा तुकडा उरलेला असतो, आणि दुकानात किसलेल्या बटाट्याची फ्रोझन हॅश ब्राउनची पिशवी मिळते. 30 औंसाची, म्हणजे 850 ग्रॅमची एक पिशवी एका ट्रेला घ्या. मात्र ती रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, पंच्यात गुंडाळून घट्ट पिळायची. बर्फाचं पाणी हे आपलं पाचवं पाणी. युटा राज्यात हाच कीस, चीज आणि डब्यातलं दाट सूप एकत्र भाजून वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा घालतात आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणाला हमखास नेतात. त्या पदार्थाचं नावच ‘फ्युनरल पोटेटोज’ पडलं आहे. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा या पदार्थाच्या चित्राचा बिल्लाही निघाला होता. चव उत्तम, पण तो वाढायला डाव लागतो आणि खायला बशी. कॉर्नफ्लेक्सचा चुरा मात्र तिथून उसना घ्यावा. मोझरेलावर मूठभर भुरभुरवला की वरचा थर कुरकुरीत होतो.

गोव्यात किंवा वसईत वाढलेल्यांना हे सगळं वाचताना पोटॅटो चॉप आठवला असेल. कुस्करलेल्या बटाट्याच्या पारीत खिमा भरून, रव्यात घोळवून तळलेला. दहा जणांसाठी त्याला तोड नाही. तीस जणांसाठी तो करायला घरात पारी भरणाऱ्या तीन बायका किंवा बाप्ये लागतात, आणि कढईपाशी एक जण अडकतो. त्याच चवीकडे जायचं असेल तर या वड्यांच्या मिश्रणात अर्धं हॅम आणि अर्धा परतलेला, कोरडा केलेला गोवन चोरिझो घाला. मग वरून मीठ अजिबात नको, आणि मस्टर्डही नको, कारण चोरिझोत व्हिनेगर आणि मिरची भरपूर असते.

उरलेल्या वड्या, म्हणजे टेबलावर न गेलेल्या, फ्रिजमध्ये आणखी दोन दिवस राहतात. फ्रीझरमध्ये टाकायच्या असतील तर आधी ट्रेवर सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा, नाहीतर एकमेकींना चिकटून वीट तयार होते. महिनाभर टिकतात. गोठलेली वडी वितळवत न बसता थेट तापल्या ओटीजीत 18 ते 20 मिनिटं. सकाळच्या घाईत झाकण ठेवून मंद तव्यावरही होते, शेवटची दोन मिनिटं झाकण काढून.